बोर्डावरची विमल

विमल,

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो होतो. विहारात पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या बायकांमध्ये मी सवयीनं तुलाच शोधत होतो. मग समोरच्या फोटोकडे लक्ष गेलं. फोटो जुना असावा. तुझ्या भुवईवर ती भाजल्याची खूण त्यात नाही. सोल्डरिंगची कांडी हातात धरून माझ्यावर हसत होतीस आणि हसता हसता ती भुवईला लागली, त्या दुपारची ती खूण. म्हणजे फोटो आपली ओळख होण्याआधीचा. त्यातल्या मुलीला मी ओळखत नाही.

तुझं शिक्षण, नोकरी, आजार असं सगळं कुणीतरी कागदावरून वाचून दाखवलं. त्यात चूक काही नव्हती. पण ऐकताना वाटत राहिलं, ही बाई माझ्या खोलीत कधी आलीच नव्हती. म्हणून आज लिहायला बसलोय. तुझ्याशी बोलायची सवय आहे, तुझ्याबद्दल बोलायची नाही.

माझा स्पूलचा टेपरेकॉर्डर बंद पडला, तेव्हा सीताबर्डीवरच्या दुरुस्तीवाल्यानं हात वर केले होते. म्हणाला, "आपल्याच्यानं नाही होत हे, मास्तर. इंदोऱ्यात एक बाई आहे, टेलिफोनमध्ये नोकरी करते. तिच्याकडे न्या. डोकं तेज आहे तिचं." मी सायकलच्या कॅरियरला टेपरेकॉर्डर बांधून तुझ्या दारात आलो. खाटेवर चार-पाच रेडिओ पोट उघडून पडलेले, आणि त्यांच्यामध्ये मांडी घालून तू. तुझी आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. तू झाकण काढलंस, आत डोकावलीस, आणि काय बिघडलं हे विचारायच्या ऐवजी म्हणालीस, "यात काय आयकता जी, मास्तर?"

मी शाळेत गाणं शिकवायचो, आणि उरलेल्या वेळात नाटकांना नि माहितीपटांना पार्श्वसंगीत द्यायचो. लोक विचारायचे, कोणतं वाद्य वाजवता, गुरू कोण. काय ऐकता, असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. मी काहीतरी मोठमोठी नावं सांगितली. तू मान डोलावलीस आणि मशीनच्या आतली धूळ फुंकलीस.

त्यानंतर वर्षभरानं असेल, माझा एक वर्गमित्र अमेरिकेतून आला. त्यानं एक रेकॉर्ड आणली होती. तिच्यावरचे आवाज कोणत्या वाद्यातून येतात हे मला कळेना. त्याच्याकडच्या मासिकात त्या यंत्राचं चित्र सापडलं. भिंतीएवढं कपाट, त्याला शेकडो भोकं, आणि भोकाभोकांतून लोंबणाऱ्या वायरी. मी ते पान मागून घेतलं आणि महिनाभर खिशात बाळगलं. शेवटी तुला दाखवलं. तू ते दारात उजेडाला धरलंस आणि हसत सुटलीस.

"अवं माय! हे त आमचं बोर्ड होये!"

तू ट्रंक बोर्डावर ऑपरेटर होतीस. जबलपूरचा कॉल आला की एक दोरी इथे, दुसरी तिथे खोचायची आणि दोन माणसं जोडून द्यायची, हेच तुझं दिवसभराचं काम. आयटीआयच्या संध्याकाळच्या वर्गात रेडिओ दुरुस्ती शिकलीस, तीही वर्गातली एकटी मुलगी म्हणून. त्यामुळे जे पान पाहून माझी छाती दडपली होती, ते तू वर्तमानपत्रासारखं वाचलंस.

"हे पाहा मास्तर. हा डबा आवाज काढते. हा त्या आवाजाचा वरचा भाग कापते. हा दार उघडते नि लावते, म्हणजे आवाज येते नि जाते. सर्वे आपापल्या जागी मुके बसले आहेत. वायर लावली त बोलतीन."

"आपल्याला बनवता येईल?" मी विचारलं.

"एवढं मोठं काहून बनवता? दोन डबे बनवू. ते बोलले त तिसरा."

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात आपण सुरुवात केली. प्रताप नगरात तेव्हा आमचं घर आणि भोवती मोकळे प्लॉट. बाजूच्या खोलीत मी विद्यार्थ्यांना शिकवायचो, तिथे टेबल मांडलं. तुझी सकाळची ड्यूटी संपली की तू सायकलवर यायचीस, पदर खोचायचीस आणि कामाला लागायचीस. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा मी कापून आणला. जोडायच्या दोऱ्या तू कबाड्याकडून शोधून आणल्यास, कुठल्यातरी जुन्या बोर्डाच्या, कापड गुंडाळलेल्या. एक मोडकी पेटी होती, तिच्या पट्ट्यांखाली तू तांब्याच्या पट्ट्या बसवल्यास. पेटीच्या त्या पट्ट्यांवर बोट ठेवलं की यंत्राला कळावं, कोणता सूर.

पहिला आवाज निघायला अडीच महिने लागले. निघाला तो मच्छरासारखा. तू टाळी वाजवलीस, "झालं बाळंतपण!" आणि मी आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं, तर शेजारून माणूस विचारायला आला, "तुमच्या पंपाचं बेअरिंग गेलं का हो?"

मी संगीतकार, त्यामुळे मला वाटलं होतं की यंत्र तू बनवशील आणि वाजवायचं तेवढं मी बघेन. पहिल्याच दिवशी मी सगळ्या वायरी एकदम लावल्या. यंत्र असं केकाटलं की माझी आई देवघरातून उठून आली. तू शांतपणे एकेक वायर उपटलीस.

"तुम्ही त बोर्डावरचे सर्वे कॉल एकदम जोडून राह्यले. कोणाचं बोलणं कोणाले आयकू येईन? आधी एक वायर लावा. बसा. आयका. कंटाळा आला की मंग दुसरी."

तुझा हा एक धडा मी नंतर कितीतरी मुलांना माझा म्हणून शिकवला. एकच आवाज घ्यायचा. दहा मिनिटं ऐकायचा. त्याचा वरचा भाग हळूहळू कापत न्यायचा आणि तो कुठे अंधारतो ते पाहायचं. मग दार किती वेळात उघडावं, किती वेळात लागावं. मला पेटीवर बोटं पळवायची घाई असे. तू म्हणायचीस, थांबा जी, अजून याची ओळख झाली नाही.

आणि वही. यंत्राला आठवण नव्हती. वायर काढली की आवाज गेला, पुन्हा तसाच मिळेल याचा भरवसा नाही. एकदा धूळ पुसायला म्हणून मी दोन वायरी काढल्या आणि आठवडाभर जमवलेला आवाज गेला तो गेलाच. तू रागावली नाहीस. दुसऱ्या दिवशी शंभरपानी वही आणलीस आणि प्रत्येक आवाजाचं चित्र काढायला लागलीस. कोणती दोरी कुठून कुठे, कोणतं बटण घड्याळातल्या कोणत्या तासावर. निळी पेन्सिल आवाजासाठी, लाल पेन्सिल हुकमासाठी, म्हणजे कोणता डबा कोणत्या डब्याला चालवतो त्यासाठी.

उन्हाळ्यानं तर आपला अंत पाहिला. मे महिन्यात सकाळी नऊला लावलेला सा अकरा वाजेपर्यंत चढत कोमल रेला जाऊन टेकायचा. मी वैतागायचो. वाळ्याचा कूलर यंत्राकडे तोंड करून लावला, तर पाणी उडून दुसरंच काही बिघडलं. मी म्हणालो, हे वाद्य नाही, ही थट्टा आहे. सूर ज्याचा स्थिर नाही त्याला वाद्य म्हणायचं नाही.

"तुमचा तानपुरा उतरत नाही का?"

"उतरतो. पण तो मला सांगून उतरतो."

"हाही सांगते. तुम्ही आयकत नाही."

हे भांडण आपलं कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, संगीत म्हणजे सूर. तू म्हणायचीस, सुराच्या आधी आवाज असतो. शाळेत कधी पेटीला हात न लावलेली बाई मला हे सांगते, याचा मला त्या वेळी राग यायचा. तो राग मी चेहऱ्यावर दाखवत नसे, पण तुला दिसत असणार.

एक गोष्ट लिहायची टाळत होतो. माझी आई तुला रोज चहा द्यायची. पण तुझा पेला वेगळा होता. बाहेरच्या खिडकीत पालथा घातलेला. तू पहिल्याच दिवशी ओळखलं असशील. चौथ्या की पाचव्या दिवशी तू चहा प्यालीस, पेला घेऊन सरळ आत गेलीस, नळाखाली धुतलास आणि फळीवर बाकीच्या पेल्यांमध्ये ठेवलास. तू गेल्यावर आईनं फळीवरची सगळी भांडी उतरवून पुन्हा घासली. मी खोलीतून पाहत होतो. मी उठून काही म्हणालो नाही. सोल्डरिंगची कांडी गरम आहे का ते पाहत बसलो.

हे तुला कळलं कसं, मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तू थर्मास आणायला लागलीस. झाकणात अर्धा चहा ओतून माझ्यापुढे सरकवायचीस. "घ्या मास्तर. बाटणार नाही." आणि हसायचीस. मी तो चहा प्यायचो, आणि मनात म्हणायचो, बघ, मी पितो की. विमल, तेवढ्यावर मी माझी सुटका करून घेतली.

मग अरविंदचा सिनेमा आला. अरविंद माझा कॉलेजातला मित्र, पुण्यात राहून सिनेमा शिकून आलेला. पारशिवनीकडच्या एका गावात त्यानं चित्रीकरण केलं होतं. धरणात जाणाऱ्या गावाची गोष्ट. शेवटी सगळे लोक सामान भरून निघून जातात आणि एक म्हातारी रिकाम्या घराच्या ओट्यावर बसून राहते. दूर पाणी वाढतंय. सहा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. अरविंद म्हणाला, "हा प्रसंग तुझ्या हातात आहे. वादकांचा ताफा मला परवडणार नाही. तुझं ते यंत्र आहे ना?"

मी त्या सहा मिनिटांसाठी एक चाल बांधली. व्हायोलिनवर, खूप करुण. मला ती फार आवडली होती. तुला ऐकवली. तू डोळे मिटून ऐकलीस आणि म्हणालीस, "बाई रडून नाही राह्यली ना सिनेमात?"

"नाही."

"मंग हे कोण रडून राह्यलं?"

मी चिडलो. तू थर्मास उघडलास, चहा ओतलास आणि मग ती गोष्ट सांगितलीस. एका सकाळी तू बोर्डावर होतीस. नागपूरहून जबलपूरला कॉल जोडून दिला. इकडून एका माणसानं दोनच वाक्यं सांगितली, की अमका गेला, पहाटे गेला. त्यानंतर दोन्हीकडून कोणी काही बोललं नाही. कोणी ठेवलंही नाही. नियमाप्रमाणे तीन मिनिटं झाली की तुला मध्ये पडून विचारायचं असे, वेळ वाढवू का? तुझ्या तोंडून ते निघालं नाही. तू तशीच हेडफोन कानाला लावून बसलीस.

"लाइन चालू होती, मास्तर. कोणी बोलून नाही राह्यलं, पण लाइन चालू होती. तिचा एक आवाज राहते. हुंऽऽ असा. तो मी आयकत होती. रडण्याहून वाईट आहे तो."

दुसऱ्या दिवशी तू तो आवाज यंत्रावर बसवलास. दोन ऑसिलेटर, म्हणजे आवाज काढणारे दोन डबे, सूर एकमेकांच्या अगदी जवळ पण एक नाहीत. त्यांच्यामधून एक संथ लाट उठायची. वरचा भाग जवळजवळ सगळा कापलेला. आणि तुझ्या सुट्टीच्या दिवशी सकाळी साडेनऊला तू टेप सुरू केलीस आणि उन्हाला तिचं काम करू दिलंस. यंत्र तापत गेलं तसा तो आवाज कळेल न कळेल असा वर सरकत राहिला, पाण्यासारखा. माझ्या दृष्टीनं जो दोष होता, त्याचंच तू काम करून घेतलंस.

मला तेव्हाच कळलं होतं की हे बरोबर आहे. तरी मी म्हणालो, "ठीक आहे, चालीच्या मागे हळू ठेवू."

मुंबईला आवाज मिसळायला मी एकटाच गेलो. तुला रजा मिळाली नाही. तिथे अंधाऱ्या थिएटरात प्रसंग चालू झाला, व्हायोलिन सुरू झालं. अरविंद हात वर करून म्हणाला, "व्हायोलिन काढा. मागे काय आहे ते तेवढं ठेवा." पडद्यावर म्हातारी होती आणि तुझा आवाज. प्रसंग संपल्यावर आवाजाच्या टेबलावरचा माणूस चष्मा काढून पुसत होता. अरविंदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काय केलंस रे हे!" मी खाली पाहिलं. त्याला ते विनयाचं वाटलं असेल.

पुढचं तुला कधी सांगितलं नाही. मी नागपूरला परतल्यावर पंधरा दिवसांनी अरविंदचा मुंबईहून फोन आला. श्रेयनामावली लिहून घ्यायची होती. "संगीतात आणखी कोणाचं नाव टाकायचं का?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "नको. एकच नाव बरं दिसतं."

तो ट्रंक कॉल होता, विमल. त्या वेळी बोर्डावर तू होतीस का, हे विचारायची हिंमत मला आजवर झाली नाही.

नागपुरात सिनेमा लागला तेव्हा तुला दोन पास दिले. तू आईला घेऊन आलीस, मोरपंखी साडीत. नावं सुरुवातीलाच होती. "संगीत" या शब्दाखाली माझं एकट्याचं नाव आलं आणि गेलं. मी तुमच्या दोन रांगा मागे होतो. तुझी मान हलली नाही. शेवटच्या प्रसंगात थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर पडल्यावर तू माझ्याजवळ आलीस आणि म्हणालीस, "आवाज बरोबर लागला जी." मी वाट पाहत होतो की तू आणखी काही म्हणशील. तू आईसाठी रिक्षा थांबवायला गेलीस.

तिथंच थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण मग वर्तमानपत्रातून एक जण मुलाखतीला आला. त्यानं विचारलं, तो शेवटचा आवाज सुचला कसा? मी सांगितलं, "ट्रंक कॉलवर कधी कधी दोन्हीकडे कोणी बोलत नाही. पण लाइन चालू असते. तो आवाज माझ्या कानात होता." वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज निघालं की क्षणभर मलाही ते माझंच वाटलं. छापून आलं, फोटोसह. फोटोत मी यंत्रासमोर उभा, हातात दोरी.

रविवारी तू आलीस. वर्तमानपत्र टेबलावर ठेवलंस. आवाज चढवला नाहीस.

"मास्तर, तुम्ही बोर्डावर कधी बसले जी?"

मी म्हणालो, "अगं, त्या पत्रकारानं अर्धवट लिहिलंय."

"नाही. पूर्ण लिहिलं आहे."

मग तू टेबलाच्या खणातून तुझी पक्कड नि स्क्रू ड्रायव्हर काढून घेतलेस. वही तिथेच ठेवलीस. दारात क्षणभर थांबलीस, आणि मला वाटतं, मी त्या क्षणी एक शब्द बोललो असतो तरी तू परत फिरली असतीस. मी बोललो नाही. तुझी सायकल मोकळ्या प्लॉटमधून आडवी गेली, तेवढी पाहिली.

तीन वर्षं तू आली नाहीस. मला कामं मिळत गेली, लोकांना "तसाच काहीतरी घुमणारा आवाज" हवा असायचा. मी तुझी वही उघडून निळ्या-लाल रेघांवर बोट ठेवत तुझेच आवाज पुन्हा लावायचो. नवा एकही मला जमला नाही. एक दिवस फिल्टर, आवाजाचा वरचा भाग कापणारा तो डबा, बंद पडला. काम तर अंगावर घेतलेलं. मी इंदोऱ्यात तुझ्या दारात आलो. माफी मागायला आलो असतो तर आज ताठ मानेनं लिहिलं असतं. मी फिल्टरसाठी आलो होतो.

तू हात पुसत बाहेर आलीस. मी काय झालं ते सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "शनिवारी येते."

शनिवारी तू आलीस, बिघाड पाच मिनिटांत शोधलास, पण दुरुस्त केला नाहीस. कांडी माझ्या हातात दिलीस. "तुम्ही करा. मी सांगते." दोनदा माझं बोट भाजलं. तू नळाकडे बोट दाखवलंस आणि पुन्हा करायला लावलंस. संध्याकाळपर्यंत माझ्याकडून तो सांधा पक्का करवून घेतलास. मग म्हणालीस, "आता माह्याकडे यायची गरज नाही."

ते शिकवणं होतं की दार लावणं, हे मला इतकी वर्षं ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. पण त्यानंतर तू अधूनमधून यायला लागलीस. महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांतून. माझी आई तोवर गेली होती. आपण चहा प्यायचो, यंत्र चालू करायचो, आणि तानपुरा श्रेष्ठ की ऑसिलेटर यावर पुन्हा तेच भांडायचो. मला वाटू लागलं की झालं गेलं मिटलं. तू बोलत नव्हतीस म्हणून मी ते मिटलं असं धरून चाललो.

किडनीचं दुखणं निघालं तेव्हा पहिल्यांदा तू हसण्यावारी नेलंस. "माहा फिल्टर खराब झाला, मास्तर." मग दवाखाना, मग महिना महिना पडून राहणं. शेवटचा मी आलो तो मंगळवार होता. घरून ठरवून निघालो होतो, आज बोलायचंच. वाक्यसुद्धा तयार होतं. तू उशीला टेकून बसली होतीस, पाय सुजलेले. खिडकीतून रस्त्यावरचा नवा एसटीडी बूथ दिसत होता, लोक रांगेत उभे.

"पाहा," तू म्हणालीस, "आपलाच नंबर आपणच फिरवून राह्यले. मधात आता कोणी लागत नाही."

"मग ऑपरेटरांचं काय?"

"काही नाही. चौकशीच्या टेबलावर बसवतीन." मग म्हणालीस, "काही बोलाचं होतं का तुमाले? तोंडावरून तसं दिसून राह्यलं."

मी म्हणालो, "नाही गं. उन्हातून आलो ना."

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस ते मला सांगता येणार नाही. मग तू माझ्यासाठी बहिणीला लिंबूपाणी आणायला सांगितलंस. पुढच्या बुधवारी तू गेलीस.

काल विहारात वंदना झाली, लोक बोलले. तुझ्या बरोबरीच्या ऑपरेटर बायका बोलल्या, एकीला बोलताच आलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, मास्तर, तुम्ही दोन शब्द बोला. मी उभा राहिलो. समोर तुझा तो अनोळखी फोटो. मी म्हणालो, "विमलताईंची मला माझ्या कामात फार मोलाची मदत झाली." आणखीही काही चांगली वाक्यं बोललो. लोकांनी माना डोलावल्या.

निघताना तुझ्या आईच्या पाया पडलो. तिनं माझा हात धरून मला बाजूला बसवलं. ती आता खूप वाकली आहे, पण बोलणं स्वच्छ आहे.

"बापू," ती म्हणाली, "सिनेमा पाहून आलो ना आम्ही त्या दिवशी, तवा रिक्षात मले म्हणे, माय, तो शेवटचा आवाज माहा होये. मी म्हटलं, मंग पडद्यावर तुहं नाव काहून नाही वं? त म्हणे, मास्तर सांगतीन."

माझा हात तिनं थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग दुसरं कोणी पाया पडायला आलं म्हणून सोडला.

तर विमल, सांगतो. तू ऐकायला नाहीस, आणि इतका उशीर झाला त्याला मीच जबाबदार आहे. पण ज्यांनी तो सिनेमा पाहिला आणि माझी पाठ थोपटली, त्यांनी हे वाचावं म्हणून हे पत्र मी छापायला देतो आहे. त्या सिनेमाच्या शेवटी सहा मिनिटं जो आवाज आहे, तो विमल गजभिये हिचा आहे. तो तिनं बोर्डावर बसून ऐकला, तिनं यंत्रावर लावला, आणि तो ज्या यंत्रातून निघाला ते यंत्रही तिनंच बनवलं. मी तिथे बांधलेली चाल काढून टाकली गेली, आणि ते योग्यच झालं. मला मदत कोणी केली नव्हती. मदत मी तिला केली, तीही पत्रा कापण्यापुरती.